वहीतला आकडा

केमिस्टबाई हे नाव तिला एका म्हातारीनं ठेवलं, आणि तेही चेष्टेनं. तसा तिचा रसायनशास्त्राशी संबंध दहावीला काठावर पास होण्यापुरताच. पण लोकांच्या घरी गरम पाण्याचे ते मोठे टब असतात ना, आत बसून अंग शेकायचे, त्यांचं पाणी राखायचं काम ती सहा वर्षं करत होती. त्या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

काम मुळात तिच्या नवऱ्याचं. त्याला कामावर सगळे उस्ताद म्हणायचे. पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभं राहून नुसत्या नजरेनं तो पाण्यात काय कमी आहे ते सांगायचा, आणि मग तपासणीत तेच निघायचं. हा माणूस एका दुपारी घाईत होता. बंद पंपघरात त्यानं एक बादली ओढली आणि तळाशी काय आहे ते न बघता तीत क्लोरीनची पूड ओतली. तळाशी दोन बोटं ॲसिड होतं. पिवळट हिरवा धूर उठला. उस्ताद भिंत चाचपत बाहेर आला तो फुप्फुसं आतच ठेवून आल्यासारखा. पुढं तो घरातच बसला, खिडकीजवळच्या खुर्चीत, नाकात नळी आणि शेजारी घरघरणारं यंत्र.

त्याची बॅग हिनं उचलली. कंपनी धाकट्या दिराची होती. भावजींनी सुरुवातीला नाक मुरडलं, "वहिनी, हे बाईमाणसाचं काम नव्हे," पण दोन महिन्यांत गिऱ्हाइकं तिलाच मागू लागली. ती बोलायची कमी आणि चपला दाराबाहेर काढायची, एवढं लोकांना पुरत होतं. पाणी नितळ राहायचं ते वेगळंच.

घरी मात्र रोज संध्याकाळी परीक्षा असायची. ती हातपाय धुऊन बसली न बसली तोच खुर्चीतून प्रश्न सुरू. कुणाच्या टबात आकडा किती होता, आंबटपणा किती, गाळणी कधी धुतली. ती एकेक सांगायची. उस्ताद डोळे मिटून ऐकायचा आणि शेवटी काहीतरी खोट काढायचाच.

"मी असतो तर आधी आंबटपणा बघितला असता."

"मीही आधी तोच बघितला."

"मग सांगताना नंतर का सांगितलंस?"

ती उठून कुकर लावायची. आपलं काम बायकोनं उचललं याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. तिला ते चांगलं जमलं, हे त्याला गिळवत नव्हतं.

तिच्या गिऱ्हाइकांत एक हाडांचे डॉक्टर होते. नावाजलेले. घराच्या मागच्या बाजूला काचेची खोली, तीत सात माणसं बसतील एवढा टब, चढायला लाकडी पायऱ्या, वर जाड झाकण. डॉक्टरांच्या आईचे गुडघे गेले होते. मुलानं हजारो लोकांचे गुडघे बदलले, पण आईनं स्वतःच्या गुडघ्यांना सुरी लावू दिली नाही. ती म्हणायची, "घरचा न्हावी आहे म्हणून मुंडकं पुढं करू काय?" त्याऐवजी ती रोज सकाळी अर्धा तास टबात बसायची.

सोमवारी आणि गुरुवारी केमिस्टबाई यायची तेव्हा या आजी डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी घालून पायरीवर वाट बघत असायच्या. त्या दोन दिवशी तपासणी झाल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, हा आजींचाच नियम. एका काचेच्या नळीत टबातलं पाणी घ्यायचं, त्यात चिमूटभर पूड टाकली की ते गुलाबी व्हायचं. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब सोडायचा, गुलाबी रंग पार जाईपर्यंत. दोन थेंबांना एक, असा हिशेब. सहा थेंब लागले तर क्लोरीनचा आकडा तीन. गरम पाण्याला तीनाच्या खाली चालत नाही, कारण अशा कोमट पाण्यात क्लोरीन भराभर उडतो आणि जंतू भराभर वाढतात.

आजी थेंब मोजायच्या. मोठ्यानं, शाळेतल्या मुलीसारख्या. "पाच... सहा... सात. गेला गं रंग! साडेतीन. उतरू का केमिस्टबाई?"

"उतरा. पण कठडा धरून."

एवढ्यातच त्यांची मैत्री झाली. आजी पाण्यात बसून बोलायच्या आणि ती शेजारी गाळणी धुता धुता ऐकायची. कधी दोघींचा चहा व्हायचा. मोठ्या घरात बोलायला माणूस नव्हतं आणि हिच्या छोट्या घरात ऐकायला.

गोष्ट बिघडली ती वासावरून. एका सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांकडे बरेच पाहुणे टबात बसून गेले. सोमवारी काचेच्या खोलीत क्लोरीनचा उग्र वास कोंडला होता. डॉक्टर कामावर निघता निघता आत डोकावले.

"ताई, हा काय वास? आमच्याकडे आलेल्या लोकांना आपण इस्पितळात आलोय असं वाटतं. क्लोरीन कमी करा."

"डॉक्टर, वास येतोय तो क्लोरीन कमी पडल्यामुळं," ती म्हणाली. "घाम, साबण, अंगाला लावलेली क्रीम, यांच्यात तो खर्ची पडला की असा वास मारतो. ताजा आणि पुरेसा असला तर इतका येत नाही. आज एकदा मोठा डोस देते आणि झाकण उघडं ठेवते, उद्या बघा."

"म्हणजे वास घालवायला आणखी घालायचं?"

"हो."

डॉक्टर हसले. वाईट हसणं नव्हतं ते. लहान मूल सूर्य झोपायला गेला म्हणतं तेव्हा मोठी माणसं हसतात, तसं होतं. "ताई, तीस वर्षं झाली मी ऑपरेशनं करतोय. जंतू माझ्या ओळखीचे आहेत. तुम्ही मला केमिस्ट्री शिकवू नका. एकच्या वर आकडा जाता कामा नये."

गाडीत बसता बसता त्यांनी भावजींना फोन लावला असावा, कारण ती फाटकाबाहेर पडते तोच भावजींचा फोन आला.

"वहिनी, गिऱ्हाईक म्हणतं तसं करायचं. तुम्हाला कुणी वाद घालायला पाठवलंय का?"

"भावजी, एकवर ठेवलं तर पाण्यात जंतू होतील. त्यात म्हातारी बाई रोज बसते."

"डॉक्टर आहेत ते! त्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं? वहीत एक दिसला पाहिजे, बस."

वही म्हणजे टबाशेजारी खुंटीला लटकवलेली नोंदवही. दर खेपेला तारीख, आकडा, सही.

ती रस्त्याच्या कडेला बॅग पायाशी ठेवून उभी राहिली. भांडून काम सोडावं, तर उस्तादचं यंत्र आणि घराचं छप्पर दोन्ही भावजींच्या मेहेरबानीवर होतं. बरं, आपण सोडलं तर दुसरा कुणी येईल आणि निमूटपणे एकवर ठेवील. मग आजींचं काय? पाच मिनिटं विचार करून ती परत फिरली. डॉक्टर गेलेच होते. तिनं मोठा डोस दिला, टबातली कारंजी चालू केली, दुपारपर्यंत झाकण उघडं टाकलं. पाण्यावर तरंगणाऱ्या औषधाच्या डबीची चकती खालच्या बाजूनं फिरते. ती तिनं तीन आट्यांनी उघडली, औषध जास्त सुटावं म्हणून. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. आणि वहीत लिहिलं, एक.

गुरुवारी वास नव्हता. डॉक्टर त्या दिवशी घरी होते. त्यांनी खोलीत येऊन मोठा श्वास घेतला. "बघा! कमी केल्यावर गेला की नाही वास? आणि पाणी कसं काचेसारखं आहे. उगाच तुम्ही लोक भारंभार औषध ओतत असता."

तिथं तिनं बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण म्हणाली, "हो डॉक्टर."

त्यानंतर आठ महिने असंच चाललं. पाण्यात साडेतीन, वहीत एक. आजींच्या हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं.

"थेंब सात मोजलेस आणि लिहितेस एक?"

"तुमच्या मुलाला एक आवडतो."

आजी पाण्यात बसल्या बसल्या इतक्या हसल्या की टोपी निसटली. "अगं, तो लहानपणापासून तसाच. ताप नाही म्हणून सांगायचं आणि औषध दुधातून द्यायचं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी नाही सांगत कुणाला."

घरी उस्तादला तिनं खरे आकडे सांगितले आणि वहीतलाही सांगितला. त्यानं डोळे उघडले. "वही खोटी लिहायची नसते," तो म्हणाला. "पाणी उद्या बदलतं. वही राहते." तिला वाटलं, हा नेहमीसारखी खोट काढतोय.

मग उस्तादला श्वास लागला. एका बुधवारी दुपारी ओठ निळे पडले, रुग्णवाहिका आली आणि पुढचे अकरा दिवस ती इस्पितळातल्या बाकावर होती. पहिल्याच दिवशी तिनं भावजींना फोन केला. "माझी सगळी घरं कुणाला तरी द्या. डॉक्टरांचं तर चुकवूच नका, तिथं आजी रोज पाण्यात असतात."

"तुम्ही दादाकडं बघा वहिनी. पाण्याचं मी बघतो."

भावजींनी बाकीची घरं कशीबशी वाटून दिली. डॉक्टरांचं घर लांब होतं, ते राहून गेलं. फोन करून कळवायचंही राहून गेलं. मधल्या रविवारी डॉक्टरांच्या मुलीच्या मैत्रिणी टबात खेळायला आल्या. ती तरंगती डबी त्यांच्या मध्ये मध्ये येत होती. डॉक्टरांनीच ती उचलून कोपऱ्यातल्या बादलीत टाकली. तेव्हा ते काय म्हणाले हे त्यांच्याकडच्या स्वयंपाकीणबाईंनी नंतर सांगितलं. म्हणाले, "आठ महिने नावापुरत्या औषधावर चाललंय. चार दिवस नसलं तर काय होतंय?"

उस्ताद घरी आला. बाराव्या दिवशी, सोमवारी, ती डॉक्टरांकडे गेली तेव्हा आजी पायरीवर नव्हत्या. अंग कसकसतंय म्हणून आत झोपल्या होत्या. झाकण उचलल्याबरोबर तिला कळलं. पाणी दुधाळ झालं होतं, आणि कडेवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर बोटाला आला. नळीत पाणी घेऊन पूड टाकली. गुलाबी रंग आलाच नाही. थेंब सोडायची वेळच आली नाही. डबी बादलीत कोरडी पडलेली.

तिनं वही काढली आणि लिहिलं, शून्य. आठ महिन्यांत त्या वहीत तिच्या हातानं पडलेला पहिला खरा आकडा तो होता.

मग जे करायचं असतं ते तिनं केलं. नळ्यांत जंतुनाशक सोडलं, सगळं पाणी काढून टाकलं, टब घासला, नव्यानं भरला. गाळणी बाजूला काढून ठेवली, ती धुण्यापलीकडं गेली होती. निघताना आजींच्या खोलीच्या दाराशी गेली. आजी पांघरुणातून म्हणाल्या, "आलीस का? अगं, पाणी दोन-तीन दिवस बरं नव्हतं वाटत. पण मोजायला तू नव्हतीस."

"मग बसलात कशाला आजी?"

"गुडघे थांबतात होय?"

बुधवारी आजींना न्यूमोनिया म्हणून भरती केलं. तपासात निघालं की हा कोमट पाण्याच्या तुषारांतून छातीत जाणारा जंतू आहे. दहाव्या दिवशी आजी गेल्या. वय अठ्ठ्याहत्तर.

आरोग्य खात्याच्या निरीक्षक बाईंनी चौकशी लावली. टबातलं पाणी तर नवं होतं. ते का काढलं, असा पहिला प्रश्न आला. गाळणीत जंतू सापडला. आणि वही सापडली. सगळ्यांना कचेरीत बोलावून निरीक्षक बाईंनी ती टेबलावर उघडून ठेवली आणि पानं उलटत गेल्या. एक, एक, एक. आठ महिने सोमवार आणि गुरुवार, प्रत्येक ओळीखाली तिची सही. मग अकरा दिवस कोरे. मग शून्य.

"नियम काय आहे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. तीनाच्या खाली नको."

"मग आठ महिने एक?"

"पाण्यात साडेतीन होता मॅडम. एक नुसता लिहीत होते."

निरीक्षक बाईंनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. "का?"

"डॉक्टरांना एक हवा होता."

डॉक्टर शेजारच्या खुर्चीवर होते. आई जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्यांनी दाढी केलेली नव्हती. ते म्हणाले, "मी वासाची तक्रार केली होती. एवढंच. किती घालायचं ते ठरवायला या लोकांना नेमलंय ना?" ते खोटं बोलत होते असं तिला वाटलं नाही. त्यांना खरोखर तेवढंच आठवत होतं.

भावजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. "आमच्या कंपनीत तीन ते पाचचा नियम आहे. ऑफिसच्या भिंतीवर लावलाय. वहिनींना मी असलं काही सांगितलेलं नाही."

"आणि ते अकरा दिवस?"

"मला त्यांनी स्पष्ट कळवलं नाही. दादा आजारी आहे एवढंच बोलल्या."

ती भावजींकडं बघत राहिली. ते टेबलाच्या कडेवरची धूळ बघत होते.

उस्ताद त्या दिवशी हट्टानं आला होता. खांद्याला छोटा सिलिंडर, नाकात नळी. मला बोलायचंय म्हणाला. चार-चार शब्दांनी थांबत त्यानं सांगितलं की रोज संध्याकाळी ती त्याला खरे आकडे सांगायची आणि ते साडेतीनाच्या आसपास असायचे. सगळं खरं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सोळा वर्षांच्या संसारात तो तिच्या बाजूनं असा पहिल्यांदाच उभा राहिला होता.

"म्हणजे ही वही खोटी आहे, हे तुम्हाला माहीत होतं?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

"हो."

"तुम्ही त्यांना काही म्हणाला नाहीत?"

उस्तादनं श्वास घेतला. "म्हणालो. वही खोटी लिहायची नसते म्हणालो." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मी असतो तर खरं लिहिलं असतं."

निरीक्षक बाईंनी तेही टिपून घेतलं. "बाई, तुमचं खरं धरायचं तर तुम्ही आठ महिने खोट्या नोंदी केल्यात. नोंदी खऱ्या धरायच्या तर आठ महिने नियम मोडलात. पाण्यात साडेतीन होता हे तुमच्याशिवाय कुणी पाहिलंय?"

"आजींनी. त्याच थेंब मोजायच्या."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं, आणि त्यात संताप होता. मेलेल्या आईला साक्षीला ओढते ही बाई, असा.

हे काम करायचा तिचा परवाना गेला, कायमचा. भावजींनी गिऱ्हाइकांना पत्रं पाठवली की संबंधित कर्मचाऱ्याला काढून टाकलं आहे. घर त्यांनी काढून घेतलं नाही. उलट दर महिन्याला येऊन दादाची चौकशी करून जात, आणि ती चहा ठेवायची.

दोन महिन्यांनी ती डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. नंबर लावला. सतरावा होता. कुबड्या आणि प्लॅस्टर यांच्यामध्ये ती तीन तास बसली. आत गेल्यावर डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, "कुठला गुडघा?" आणि मग ओळखलं.

"मला काही मागायचं नाही," ती उभ्यानंच म्हणाली. "तुम्हाला एवढंच सांगायचंय की आजींनी आठ महिने चांगल्या पाण्यात अंघोळ केली. वहीतल्या नाही."

डॉक्टरांनी तिला बसा म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "खरंच साडेतीन होता?"

"कधी तीन, कधी चार."

"तेव्हा मला सांगितलं असतंत," डॉक्टर हळू बोलू लागले, "की वास गेला तो वाढवल्यामुळं गेलाय, तर मी ती डबी काढली नसती. मला वाटलं एकवर सगळं ठीक चाललंय. तुम्हीच मला तसं वाटू दिलंत."

हे ती बाहेर बसून तीन तास, आणि त्याआधी कितीतरी दिवस, स्वतःलाच सांगत आली होती. आपण पाणी राखलं आणि त्या राखलेल्या पाण्यानंच या माणसाला भरवसा दिला. पाणी तेव्हाच बिघडू दिलं असतं, आठवड्यात गढूळ झालं असतं, तर याचे डोळे उघडले असते आणि म्हातारी वाचली असती. पण त्यांच्या तोंडून ते ऐकताना तिला राहवलं नाही.

"पहिल्या दिवशी सांगितलंच होतं की डॉक्टर. तुम्ही हसलात."

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन सरळ केलं.

"दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

माणूस प्रामाणिक होता, त्यामुळं हो म्हणणं त्यांना जमेना. नाही म्हणायचं तर आईच्या मरणात आपला वाटा किती, हेही बोलून जावं लागलं असतं. शेवटी त्यांनी टेबलावरची घंटा दाबली, आणि दार उघडून अठरावा पेशंट आत आला.

पुढच्या आठवड्यात तिला एका हॉटेलच्या धुलाईघरात काम मिळालं. चादरी यंत्रातून काढायच्या, दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या. खोलीभर वाफ असते आणि बोलायला उसंत नसते. पहिल्या दिवशी तिथल्या मुकादमबाईंनी अर्ज भरून घेताना विचारलं, "याआधी कुठं कामाला होतात?"

"कुठं नाही," ती म्हणाली. "घरीच होते."